आण्णांचा आरसा आणि हातातला कॉम्प्युटर



स्मरणिकेसाठी "तुझ्या विषयातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं लिही" असा मंडळाचा आदेश आला तेव्हा खरे सांगायचे तर मी जरा घाबरलोच. मी दिवसभर जे लिहितो ते फक्त कॉम्प्युटरला कळते, आणि कधी कधी त्यालाही कळत नाही! पण मग म्हटलं, गेल्या वर्षी घरी जो उद्योग केला तोच लिहून काढावा. विषय आहे गेम. "गेम" हा शब्द ऐकून निम्म्या आईबाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण पान उलटू नका. या गोष्टीतला खेळाडू ६८ वर्षांचा आहे.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त ३१ वर्षे ड्रायव्हर होते. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवली, हा त्यांचा आवडता मार्ग. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे सावरले, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, उजवा हात शाबूत राहिला. डावा हात मात्र मनगटापासून पुढे जवळजवळ कामातून गेला. २०२५ च्या मे महिन्यात आई आणि आण्णा सहा महिन्यांसाठी इकडे इंग्लंडला आमच्याकडे आले. पहिले पंधरा दिवस आण्णा खिडकीत बसून रस्त्यावरच्या डबल डेकर मोजत होते. गाडीत माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

एका संध्याकाळी आमची कन्या सोफ्यावर गेम खेळत होती. आण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात गाडी हाय का?"

गाडी होती! 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीचा २०१२ सालचा गेम. माल भरायचा, युरोपभर ट्रक चालवायचा, वेळेत पोचवायचा. मारामारी नाही, बंदुका नाहीत. शिवाय त्यात ब्रिटन आहे, म्हणजे आपल्यासारखी डाव्या बाजूने वाहतूक. मी उत्साहाने यंत्र आण्णांच्या हातात दिले आणि पाच मिनिटांत सगळा विचका झाला. स्टिअरिंग डाव्या अंगठ्यावर, ब्रेक डाव्या तर्जनीवर. ट्रक फुटपाथवर चढला. चित्र अडखळत होते, पंखा घोंघावत होता. आण्णांनी यंत्र हळूच बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मशीन चांगलं हाय. माणूस जुना झाला."

हे वाक्य मला झोपू देईना. कारण इंजिनिअर म्हणून मला दिसत होते की चूक माणसाची नव्हती, सेटिंगची होती. पुढचे तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर मी जे केले ते हे.

हे यंत्र म्हणजे नेमके काय?

दोन्ही हातांत धरायचा हा एक पूर्ण कॉम्प्युटर आहे. मध्ये पडदा, दोन बाजूंना बटणे. माझ्याकडे आहे व्हॉल्व कंपनीचा 'स्टीम डेक', फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले पहिले मॉडेल. त्यानंतर २०२३ मध्ये असूसचा 'आरओजी अलाय' आणि लेनोवोचा 'लीजन गो' आले, आणि आता या जातीची यंत्रे बरीच झाली आहेत.

लहान मुलांकडच्या निन्टेन्डोमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. निन्टेन्डोचे गेम त्याच यंत्रासाठी मापाने शिवलेले असतात. इथे मात्र आपण टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला गेम हातातल्या छोट्या यंत्रावर चालवतो. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घालण्यासारखेच! बाह्या दुमडाव्या लागतात. त्या नीट दुमडणे म्हणजेच 'ऑप्टिमायझेशन'.

त्यात स्टीम डेकवर विंडोज नसते, लिनक्सवर बेतलेली 'स्टीमओएस' असते. विंडोजसाठी लिहिलेले गेम तिथे 'प्रोटॉन' नावाच्या थरातून चालतात. हा प्रोटॉन व्हॉल्वने २०१८ मध्ये आणला. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, प्रोटॉन ती लिनक्सला समजेल अशी करून सांगतो. बहुतेक गेम असे चालतात, पण काही ऑनलाइन स्पर्धेचे गेम त्यांच्या फसवणूकविरोधी पहारेकऱ्यामुळे चालत नाहीत. विकत घेण्याआधी हे जरूर तपासा.

पंधरा वॅटचा संसार

टेबलावरच्या गेमिंग कॉम्प्युटरला शेकडो वॅट वीज लागते. स्टीम डेकच्या मुख्य चिपला जास्तीत जास्त १५ वॅट मिळतात, म्हणजे एका छोट्या एलईडी दिव्याइतके. एवढ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचाही संसार चालवायचा. एकाने जास्त खाल्ले की दुसरा उपाशी. त्यांची मेमरीही सामाईक आहे, १६ जीबी.

आता बॅटरी. माझ्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. हिशेब सोपा आहे. पडदा, पंखा, वायफाय सगळे धरून यंत्र २४ वॅट खात असेल तर ४० भागिले २४, म्हणजे १ तास ४० मिनिटे. पहिल्या दिवशी अगदी तसेच झाले, कारण मी हौसेने सगळी सेटिंग 'हाय'वर ठेवली होती. तेच यंत्र साडेबारा वॅटवर आणले तर ३ तासांच्या वर चालते.

तुम्ही म्हणाल, चार्जर लावून ठेवावा की. पण आण्णांची खिडकीतली खुर्ची प्लगपासून लांब, आणि मधल्या वाटेवरून ते काठी टेकत जाणार. जमिनीवर वायर म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून वायर नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम ठरला. दुसरे म्हणजे वॅट कमी की उष्णता कमी, आणि उष्णता कमी की पंख्याचा आवाज कमी. शेजारी आईची मालिका चालू असते. तिला पंखा ऐकू आला की गेम बंद!

चित्रांचा हिशेब

गेममधली हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, म्हणजे 'फ्रेम'. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० काढायची तर ३३.३ मिलिसेकंद.

इथे एक गंमत आहे. ३० आणि ६० यांच्या मधोमध काय? आपण पटकन ४५ म्हणतो. पण वेळेच्या हिशेबात बघा, ३३.३ आणि १६.७ यांच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे! ३० वरून ४० वर जाताना डोळ्यांना जितका फायदा होतो, तितकाच पुढे ४० वरून ६० वर जाताना होतो, पण त्या दुसऱ्या टप्प्याला वीज मात्र खूप जास्त लागते. म्हणून हातातल्या यंत्रावर ४० हा शहाणपणाचा आकडा आहे. स्टीम डेकवर फ्रेमची मर्यादा ४० ला बांधली की पडद्याचा वेगही तिच्याशी जुळवून घेतला जातो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ओएलईडी मॉडेलचा पडदा ९० हर्ट्झपर्यंत जातो, तिथे ४५ सुद्धा छान बसते, कारण ९० चे बरोबर निम्मे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे सरासरीपेक्षा सातत्य बघा. कधी ६०, कधी ३८ असे हेलकावे डोळ्यांना त्रास देतात. सारखे ४० मात्र गुळगुळीत वाटतात. एस.टी.चेही तसेच नाही का? मध्येच ८० आणि मध्येच कचकचीत ब्रेक, अशा गाडीत माणसे आजारी पडतात. एकसारखी ५० ने चाललेली गाडी बरी.

आधी निदान, मग औषध

बरेच जण गेम अडखळला की सगळी सेटिंग एकदम 'लो' करून टाकतात. हे म्हणजे ताप आला की कपाटातली सगळी औषधे एकदम घेण्यासारखे. आधी कोण दमले आहे ते बघा.

स्टीम डेकच्या उजव्या बाजूला खाली तीन ठिपक्यांचे बटण आहे. ते दाबून बॅटरीचे चित्र असलेल्या भागात गेलात की पडद्यावर आकडे दाखवायची सोय मिळते. तिथे चार गोष्टी बघा: ग्राफिक्सचा वापर, प्रोसेसरचा वापर, एकूण वॅट आणि फ्रेमचा आलेख.

ग्राफिक्सचा आकडा ९५ च्या वर चिकटला असेल तर चित्र जड झाले आहे. तिथे रिझोल्यूशन, सावल्या, प्रतिबिंबे कमी करायची. ग्राफिक्स निवांत आहे आणि तरी फ्रेम पडत आहेत, तर बहुतेक वेळा प्रोसेसर दमला आहे. मग रिझोल्यूशन कितीही कमी करा, उपयोग नाही. तिथे गर्दी, रहदारी, लांबवरच्या वस्तू कमी करायच्या.

रिझोल्यूशनचा हिशेबही एकदा करून बघा. स्टीम डेकचा पडदा १२८० गुणिले ८००, म्हणजे सुमारे १० लाख ठिपके. नेहमीच्या एचडी टीव्हीचे १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळजवळ २१ लाख. गेम चुकून मोठ्या मापावर चालत असेल तर यंत्र दुप्पट राबते आणि छोट्या पडद्यावर त्याचे चीज होत नाही. उलट ९६० गुणिले ६०० वर चालवले तर फक्त ५६ टक्के ठिपके काढावे लागतात, आणि 'एफएसआर' नावाची एएमडीची युक्ती ते चित्र धारदार करून पूर्ण पडद्यावर ताणते. थोडा धूसरपणा येतो, पण जड गेमसाठी हा सौदा परवडतो.

काही गेम पहिल्यांदा चालवताना नवीन काही समोर आले की क्षणभर थांबतात. कारण ग्राफिक्सच्या सूचना, म्हणजे 'शेडर', ऐन वेळी तयार केल्या जातात. पोहे फोडणीला टाकायच्या वेळी कांदा चिरायला घेतल्यासारखे! स्टीम डेक सगळे एकाच बनावटीचे, त्यामुळे हा कांदा आधीच चिरून गेमबरोबर पाठवता येतो. सुरुवातीला ते डाउनलोड होत असेल तर घाई करू नका, होऊ द्या.

आणि एक सोनेरी नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि त्याच जागी, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून बघा. मी दर वेळी पावसातला तोच एक रस्ता आणि तोच एक चौक घ्यायचो. वहीत डाव्या बाजूला सेटिंग, उजव्या बाजूला वॅट आणि फ्रेम.

आरसा

आता खरी गोष्ट. ट्रकच्या गेममध्ये आरसे फार महाग पडतात. का? कारण आरशात जे दिसते ते दुसऱ्या कोनातून पुन्हा काढलेले चित्र असते. ट्रकला चांगले चार-पाच आरसे! एक चित्र काढता काढता यंत्राला आणखी काही छोटी चित्रे काढावी लागतात. म्हणून मी अगदी शास्त्रशुद्धपणे सगळ्यात आधी आरशांचा दर्जा आणि आरशात किती लांबचे दिसावे ते अंतर, दोन्ही खाली आणले. वॅट घसरले, फ्रेम वाढल्या. मी खूश!

दुसऱ्या दिवशी आण्णांना दाखवले. त्यांनी उजव्या हाताने पडद्यावरचा आरसा टिचकी मारून दाखवला. "ह्यात मागचं काय बी दिसंना. आरसा काढून गाडी हाणायची व्हय? मागं कोन हाय ते कळल्याबिगर मी लेन बदलणार न्हाई."

मी गप्प. ३१ वर्षे मागे पन्नास माणसे बसवून घाट उतरलेला माणूस बोलत होता. माझ्या वहीत आरसा हा सगळ्यात महाग आकडा होता, त्यांच्या लेखी तो सगळ्यात आधी लागणारा अवयव.

मग मी विचारले, "आण्णा, मग काय कमी केलं तर चालेल तुम्हाला?" त्यांनी पटापट सांगितले. गवत नको. ढगांच्या सावल्या नकोत. लांबची झाडे पुसट दिसली तरी चालतील. "गाडीच्या बॉडीवर चमक कशाला पायजे? आत बसल्यावर दिसती का ती?"

ही यादी कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात मिळाली नसती. आरसे पुन्हा वर नेले, गवत आणि सावल्या खाली आणल्या, चमक बंद केली, फ्रेम ४० ला बांधल्या, आणि मग चिपची वॅट मर्यादा एकेक वॅटने उतरवत गेलो. ४० फ्रेम तुटायला लागल्या की एक वॅट परत वर. शेवटी एकूण खर्च साडेबारा वॅटच्या आसपास स्थिर झाला. आरशासकट! ही सेटिंग फक्त या गेमसाठी वेगळी जपून ठेवता येतात, त्यामुळे कन्येच्या गेमला धक्का लागला नाही.

बटणांचा दुभाषा

चित्र जमले, पण हाताचे काय? इथे दुसरा विषय सुरू होतो, कंट्रोलरचा.

विंडोजवरच्या बहुतेक गेमना एकच कंट्रोलर ओळखता येतो, तो म्हणजे एक्सबॉक्सचा. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या काळात आणलेली 'एक्सइनपुट' ही पद्धत इतकी रुजली की बाकी कंट्रोलर लावले तर काही गेम ढिम्म हलत नाहीत. त्या पद्धतीत ठरलेल्या बटणांपलीकडे काहीच नाही. मागची जास्तीची बटणे नाहीत, टचपॅड नाही, यंत्र तिरके केलेले ओळखणारा जायरो नाही.

मग स्टीम डेकवरची ही सगळी अवजारे चालतात कशी? मध्ये 'स्टीम इनपुट' नावाचा दुभाषा बसतो. तुम्ही काहीही दाबा, तो गेमला सांगतो, "साहेब, एक्सबॉक्सचे अमुक बटण दाबले." किंवा "कीबोर्डची तमुक कळ दाबली." गेमला पत्ताच लागत नाही! म्हणजे कुठले काम कुठल्या बोटाने करायचे हे गेम बनवणाऱ्याने नाही, आपण ठरवायचे. दुसऱ्या लोकांनी बनवून ठेवलेल्या मांडण्याही तिथे आयत्या मिळतात. एकच सावधगिरी घ्या. काही गेमना कंट्रोलर आणि कीबोर्ड-माउस एकदम आले की गोंधळ होतो आणि पडद्यावरच्या सूचना लुकलुकतात. ट्रकचा गेम दोन्ही निमूटपणे घेतो.

आण्णांसाठी केलेली एका हाताची मांडणी अशी:

स्टिअरिंग उजव्या काठीवर. दुभाषा गेमला सांगतो की ही डावी काठी आहे.
ॲक्सिलरेटर उजव्या ट्रिगरवर, म्हणजे आर-२ वर. जितका दाबाल तितका वेग.
ब्रेक त्याच्याच शेजारच्या आर-१ वर.
इंजिन ब्रेक उजव्या हाताच्या मागच्या बटणावर, आर-४ वर.
डावा इंडिकेटर एक्सवर आणि उजवा बी वर, कारण ती बटणे त्या त्या बाजूलाच आहेत.
क्रूझ कंट्रोल वायवर, म्हणजे मोटरवेवर ट्रिगर धरलेल्या बोटाला विश्रांती.
गिअर ऑटोमॅटिक.
आजूबाजूला बघण्यासाठी उजवा टचपॅड. तोच अंगठा असल्याने हे गाडी थांबल्यावरच जमते, पण जमते.

यात एक तडजोड होती. आर-१ हे साधे बटण, त्यामुळे ब्रेक अर्धा लागत नाही, लागला की पूर्ण. म्हणून गेममध्ये ब्रेकचा जोर कमी केला. मी जरा अपराधी चेहऱ्याने हे सांगितले तर आण्णा हसले. "घाटात ब्रेकवर गाडी सोडायचीच नसती. गिअरवर उतरवायची." आर-४ वरचा इंजिन ब्रेक त्यांना पहिल्या दिवसापासून जमला, मला अजून जमत नाही!

यंत्राचे वजन ६६९ ग्रॅम. एका हाताने तासभर धरणे अशक्य. त्यामुळे मांडीवर उशीचा ट्रे, त्यावर पोळपाटाखाली ठेवतात तसली रबरी जाळी, आणि त्यावर पाककृतीच्या पुस्तकाचा स्टँड. हवा मागच्या बाजूने आत जाते आणि वरून बाहेर पडते, ते दोन्ही मार्ग मोकळे राहतील एवढे बघा. गादीवर किंवा उशीवर यंत्र नुसतेच ठेवले तर ते तापणारच.

"स्टिअरिंगला प्ले आहे"

सगळे झाले असे वाटत असताना आण्णांनी तक्रार केली, "स्टिअरिंगला प्ले हाय रे. मधी जरा फिरवलं तरी गाडी हलंना, आन् मग एकदम वळती."

मी चाटच पडलो! ते जे सांगत होते त्याला आमच्याकडे 'डेडझोन' म्हणतात. काठी मध्यावर असताना ती हजारांश भागाने इकडेतिकडे हलतच असते, जुनी झाल्यावर तर जास्तच. ती हालचाल खरी समजून गाडी वळू नये म्हणून मधला थोडा भाग मुद्दाम मेलेला ठेवतात. आता झाले होते असे की एक डेडझोन दुभाष्याने ठेवला होता आणि त्यावर दुसरा गेमने. दोन मिळून मोठी पोकळी तयार झाली. एस.टी.च्या मेकॅनिकने जे निदान केले असते तेच आण्णांनी अंगठ्याने केले.

दुभाष्याचा डेडझोन कमीत कमी केला, गेमचा थोडासा ठेवला. शिवाय गेममध्ये स्टिअरिंगची संवेदनशीलता उतरवली आणि वक्रता वाढवली, म्हणजे मध्याजवळ हळू आणि टोकाला जलद. ट्रक रेषेत चालू लागला. ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी मात्र हेच उलट करावे, डेडझोन थोडा मोठा ठेवावा. आणि एखादे बटण दाबून धरणे जमत नसेल तर एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद, असे त्याला शिकवता येते.

शेवटी राहिला हॉर्न. मी तो उजव्या मागच्या बटणावर देणार होतो. आण्णा म्हणाले, "सगळं उजव्याला दिलंस. डाव्याला बी एक काम दे की. नुसता बसून काय करणार तो?"

स्टीम डेकच्या डाव्या बाजूचा टचपॅड चांगला मोठा, चौकोनी आहे आणि किती जोर दिला म्हणजे दाबला असे समजायचे ते ठरवता येते. तो जोर कमीत कमी केला आणि पूर्ण पॅड हॉर्नला दिला. तळहात नुसता सरकवून टेकवला तरी पुरे. पहिल्या दिवशी हॉर्न विनाकारण इतका वाजला की इंग्लंडात त्याबद्दल पत्र आले असते! दोन दिवस जोर कमी-जास्त करून योग्य जागा सापडली. हा काही उपचार नव्हे, डावा हात होता तिथेच आहे. पण हॉर्न तोच वाजवतो.

तुमच्या घरी करायचे असेल तर

१. गेम चालवण्याआधी खेळणाऱ्याला विचारा की काय कमी झालेले चालणार नाही. ती यादी आधी लिहा.
२. आकडे पडद्यावर आणा, कोण दमले ते बघा, एका वेळी एकच बदल करा.
३. फ्रेम ४० ला बांधा, मग वॅट एकेक करून उतरवा.
४. मोठ्या पडद्याच्या यंत्रांवर रिझोल्यूशन आधी बघा. अलायचा पडदा १९२० गुणिले १०८० चा आहे. तिथे १२८० गुणिले ७२० केले की ठिपके ४४ टक्क्यांवर येतात. वॅटचे मोड बदलायला असूसचे 'आर्मरी क्रेट' आणि लेनोवोचे 'लीजन स्पेस' आहे.
५. कंट्रोलर ओळखलाच जात नसेल तर गेमच्या सेटिंगमध्ये स्टीम इनपुट चालू आहे का ते आधी तपासा.
६. एका हाताने खेळणाऱ्यांसाठी पहिल्या लीजन गोचे दोन्ही बाजूचे कंट्रोलर सुटे होतात, हे लक्षात ठेवा. पडदा स्टँडवर, हातात फक्त एक तुकडा.
७. यापेक्षा जास्त अडचण असेल तर मायक्रोसॉफ्टचा २०१८ मध्ये आलेला 'एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर' बघा. त्याला दोन मोठी बटणे आहेत आणि मागे १९ खाचा, ज्यात पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची वेगवेगळी बटणे जोडता येतात.

आपल्या इंग्लंडातच ऑक्सफर्डशायरमध्ये 'स्पेशलइफेक्ट' नावाची धर्मादाय संस्था २००७ पासून हेच काम करते. ज्यांचे हातपाय साथ देत नाहीत अशांना खेळता यावे म्हणून एकेका माणसाप्रमाणे साधने जुळवून देते. तिथले काम वाचले तेव्हा कळले की मी तीन आठवडे जे एका माणसासाठी केले ते ही मंडळी वर्षानुवर्षे अनोळखी माणसांसाठी करत आहेत.

आण्णा नोव्हेंबरमध्ये परत गेले. यंत्र मी त्यांच्याबरोबरच दिले. ट्रे इथेच राहिला, पण आईने तिकडे जुन्या उशीचा नवा शिवला. रविवारी फोन केला की खुशालीनंतर ट्रकचीच बातमी असते. गेममधल्या बँकेचे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायला ते अजून तयार नाहीत. "गाडी दुसऱ्याचीच बरी, आपण चालवायचं काम करायचं," असे म्हणतात. अगदी एस.टी.सारखे! परवा कार्डिफहून माल घेऊन निघाले होते, पाऊस होता. मी विचारले, "आण्णा, फ्रेम अडखळत नाहीत ना?"

"ते काय मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "आरशात मागचा दिसतोय."

आपल्या मदतनिधीच्या कार्यक्रमात, चहाच्या टेबलाशेजारी, मी एक यंत्र याच एका हाताच्या मांडणीसह ठेवणार आहे. डावा हात पाठीमागे ठेवून एकदा चालवून बघा आणि शेजारच्या डब्यात यथाशक्ती टाका. आणि तुमच्या घरी कोणाचा हात दुखरा, कापरा किंवा कमजोर असेल आणि त्यांनी "आता माझ्याच्यानं होत नाही" असे म्हणून एखादी गोष्ट बाजूला ठेवली असेल, तर मला तिथेच गाठा. मी वही घेऊन बसलेलो असेन. सेटिंग आपण मिळून बघू.